नखाएवढं फूल, मिलिमीटरभर फोकस

फुलाचा फोटो अगदी जवळून काढायला गेलं की बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते. समोर फूल लख्ख दिसत होतं, फोटोत मात्र अर्धी पाकळी स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर. मग दोष कधी हाताला दिला जातो, कधी मोबाइलला, आणि नवी लेन्स घ्यायचे बेत सुरू होतात. हात हललेला असू शकतो, नाही असं नाही. पण बऱ्याचदा खरं कारण निराळं असतं. आपण जितके जवळ जातो तितका कॅमेऱ्याला स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो आणि शेवटी तो इतका अरुंद होतो की एका फुलाची खोलीसुद्धा त्यात मावत नाही.

ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचे प्रश्न सोपे होतात. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, किती ठेवायचं, ट्रायपॉड कशाला हवा, साधी झुळूकसुद्धा एवढी का छळते, सकाळी लवकरच का जायचं, या सगळ्यांची उत्तरं तिथूनच निघतात.

पट्टा किती अरुंद?

कोणतीही लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी फोकस होते. कॅमेऱ्यासमोर, सेन्सरला (आत प्रतिमा टिपणाऱ्या चपट्या चिपला) समांतर अशी एक काच उभी आहे असं समजा. काचेच्या जाडीत जे सापडतं ते स्पष्ट उमटतं, त्याच्या पुढचं आणि मागचं हळूहळू विरत जातं. डोंगराचा फोटो काढताना ही काच इतकी जाड असते की तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. फुलाजवळ गेल्यावर ती पातळ होते. या जाडीलाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

ती किती पातळ होते हे आकड्यांत पाहू. क्लोज-अपमध्ये अंतरापेक्षा मॅग्निफिकेशनची भाषा जास्त कामाची, म्हणजे सेन्सरवर पडलेली प्रतिमा आणि प्रत्यक्ष वस्तू यांचं प्रमाण. १ सेंटीमीटरचं फूल सेन्सरवर १ सेंटीमीटरचंच पडलं तर ते १:१. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे १:१ ला फक्त ३६ मिलिमीटर रुंदीची जागा चौकट भरून टाकते. मॅक्रो म्हणून मिळणाऱ्या बहुतेक लेन्स इथपर्यंत पोचतात.

आता अपर्चर एफ/८ वर ठेवलंय असं धरा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक). १:१० ला, म्हणजे छोटं झुडूप चौकटीत मावेल इतक्या अंतरावरून, काचेची जाडी साधारण ५ सेंटीमीटर भरते. १:४ ला ती जेमतेम १ सेंटीमीटर होते. १:२ ला ३ मिलिमीटर आणि १:१ ला अवघा १ मिलिमीटर! हे आकडे फुल फ्रेम सेन्सरसाठी आणि ढोबळ आहेत, पण उतार किती तीव्र आहे ते कळायला पुरेसे आहेत. जाडी नुसती कमी होत नाही, कोसळते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वाइड लेन्स लावली की जास्त खोली स्पष्ट येते, म्हणून फुलांसाठीही तीच बरी, असं सांगितलं जातं. फूल चौकटीत तेवढंच मोठं दिसायला हवं असेल तर वाइड लेन्स घेऊन तुम्हाला फार जवळ जावं लागतं आणि मॅग्निफिकेशन तेच राहतं. मॅग्निफिकेशन आणि अपर्चर तेच असेल, तर इतक्या जवळून ५० मिलिमीटरची लेन्स असो की १०० ची, काचेची जाडी जवळपास सारखीच निघते. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. लांब, म्हणजे मोठ्या मिलिमीटर आकड्याच्या लेन्सच्या दृष्टीच्या कोनात मागचा भाग कमी येतो, त्यामुळे मागची गर्दी टाळणं सोपं जातं. शिवाय फुलापासून थोडं दूर राहता येतं, फुलावर आपली सावली पडत नाही आणि त्यावरचा कीटकही बिचकत नाही. मॅक्रोसाठी १०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लोकप्रिय आहे ती याचसाठी.

मग अपर्चर बारीक करून टाकावं, एफ/२२ वर न्यावं आणि विषय संपवावा, असं वाटणं साहजिक आहे. एफ/८ वरून एफ/१६ वर गेलं की काचेची जाडी खरंच दुप्पट होते. पण १ मिलिमीटरचे २ मिलिमीटर होतात एवढंच. त्या बदल्यात प्रकाश चौपट कमी होतो आणि दुसरं एक दुखणं मागे लागतं. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे फुलावरचा एखादा बिंदू सेन्सरवर बिंदू न राहता छोटी चकती होतो. याला डिफ्रॅक्शन म्हणतात. क्लोज-अपमध्ये हे नेहमीपेक्षा लवकर जाणवतं, कारण लेन्सची भिंगं सेन्सरपासून पुढे सरकल्यामुळे १:१ ला एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं. काही कॅमेरे हा बदललेला आकडा स्वतःच दाखवतात, काही दाखवत नाहीत. एफ/३२ ला त्या चकतीचा व्यास ०.०४ मिलिमीटरच्या घरात जातो आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो सुमारे ०.००६ मिलिमीटरचा. म्हणजे खोली वाढली, पण सगळीकडे सारखाच मऊपणा आला. पाकळीवरच्या बारीक शिरा, खोडावरची लव, जे बघायला इतक्या जवळ गेलो तेच हातचं जातं. माझं मत विचाराल तर १:१ च्या आसपास एफ/८ ते एफ/११, आणि थोडं लांबून काढताना एफ/१६ पर्यंत. त्यापुढे जायचं कारण क्वचितच असतं.

काच कुठे धरायची

काच जाड करता येत नसेल तर ती कुठे आणि कशी धरायची हाच खरा प्रश्न. माझ्या लेखी क्लोज-अपची सगळी कला इथे आहे. उपकरणांची चर्चा याच्या नंतर येते.

जास्वंदीचं फूल घ्या. पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांब दांडा, त्याच्या वरच्या भागावर चहूबाजूंनी पिवळे परागकोश, आणि अगदी टोकाला पाच छोटे मखमली गोळे. हे गोळे म्हणजे कुक्षी, परागकण येऊन चिकटतात ती जागा. हे फूल बहुतेक जण समोरून टिपतात, कारण ते आपल्याकडे तोंड करून असतं. पण समोरून पाहिलं तर कुक्षी सगळ्यांत पुढे असते, परागकोश तिच्या मागे, आणि पाकळ्या जिथे एकत्र येतात तो गडद गळा कित्येक सेंटीमीटर मागे. काच उभी आणि फूल तिला आरपार भेदून गेलेलं. काचेत फुलाचा एक लहानसा काप तेवढा सापडतो. कुक्षीवर फोकस केला तर गळा गेला, गळ्यावर केला तर समोर एक लालपिवळा डाग तरंगत राहिला.

आता त्याच फुलाच्या बाजूला जा. दांडा सेन्सरला समांतर येईल असा कॅमेरा धरा. तळापासून टोकापर्यंत अख्खा दांडा काचेत झोपला. एकेक परागकोश बारीक धाग्याच्या टोकावर कसा उभा आहे ते दिसतं, परागकणांचे दाणे सुटे सुटे दिसतात, आणि पाकळ्या मागे विरून नुसता रंग उरतो. अपर्चर तेच, लेन्स तीच, फूलही तेच. आणि समोरूनच काढायचं असेल तर निवड मनाशी पक्की करून काढा. फक्त त्या पाच कुक्षी स्पष्ट, बाकी सगळं लाल धुकं, हाही उत्तम फोटो होतो. फसतो तो कशावर फोकस करायचा हे न ठरवता काढलेला फोटो.

त्यामुळे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारायचं: या फुलातली कोणती एक गोष्ट स्पष्ट यायलाच हवी? आणि ती गोष्ट कोणत्या पातळीत पसरली आहे? चपटं, तबकडीसारखं फूल असेल तर बरोबर समोरून किंवा वरून. घंटेसारखं लोंबतं फूल असेल तर बाजूने. पानाच्या शिरा हव्या असतील तर पान आणि कॅमेऱ्याची पाठ अगदी समांतर. हे नुसत्या अंदाजाने नीट जुळत नाही. कॅमेरा रोखल्यावर क्षणभर मान बाजूला काढून, कॅमेऱ्याची पाठ आणि पानाचं प्रतल एका दिशेत आहेत का ते पाहा. दोनचार अंशांचा फरकही पानाचं एक टोक धूसर करतो.

रानात किंवा बागेच्या कडेला उगवणारी एकदांडी या सरावासाठी फार चांगली. उभ्याने पाहिलं तर ते एक फिकट, दुर्लक्षित, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं फूल. १:१ ला तेच चौकटीची निम्मी उंची व्यापतं आणि मग कळतं की ते एक फूल नाहीच. सूर्यफुलाच्या कुळातल्या सगळ्यांसारखा तो छोट्या फुलांचा गुच्छ आहे. कडेला टोकाशी तीन दात असलेली मोजकी फिकट पुष्पकं आणि मधे दाटीने उभी पिवळी नळीसारखी पुष्पकं, प्रत्येकाला पाच टोकं. मधली पुष्पकं बाहेरून आत अशी क्रमाने उमलतात. म्हणून एकाच फोटोत आत मिटलेल्या कळ्या, त्याभोवती पराग बाहेर ढकलणारी पुष्पकं आणि त्याबाहेर दोन टोकं फाकून वळलेल्या कुक्षी, अशा सगळ्या अवस्था मिळतात. पण हा मधला भाग घुमटासारखा फुगीर असतो. वरून फोकस केला तर माथा स्पष्ट येतो आणि कडा जातात. काच माथ्यावर न ठेवता किंचित खाली, उमलत्या पुष्पकांच्या वर्तुळावर ठेवली तर तो फोटो बोलका होतो, कारण तिथेच सगळं घडत असतं.

फोकस जुळवताना

इतक्या जवळ ऑटोफोकस चाचपडतो, पुढेमागे जात राहतो आणि शेवटी भलत्याच पाकळीवर थांबतो. म्हणून मॅन्युअल फोकस. आधी लेन्सवर हवं ते मॅग्निफिकेशन ठरवून रिंग तिथेच सोडा आणि मग शरीरासकट कॅमेरा अगदी थोडा पुढेमागे न्या. हवा तो भाग लख्ख झाला की बटण. रिंग फिरवत बसण्यापेक्षा हे जास्त वेगाने आणि नेमकं जमतं, कारण १:१ ला रिंग फिरवली की फोकसबरोबर चौकटही बदलते. हातात कॅमेरा धरून काढत असाल तर एकाऐवजी चार-पाच फोटोंची मालिका घ्या, त्यातला एक बरोबर जागी लागतो. ट्रायपॉड असेल तर स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस तपासा. त्यासारखी खात्री दुसऱ्या कशात नाही.

अख्खं फूल पुढून मागून स्पष्ट हवंच असेल तर फोकस स्टॅकिंग आहे. काच फुलातून थोडी थोडी मागे सरकवत दहा-वीस किंवा जास्त फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक चित्र जुळवायचं. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत ही मालिका आपोआप काढायची सोय असते. हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही या कामासाठीच केलेली सॉफ्टवेअर. अट एकच, मालिका चालू असताना फूल हलता कामा नये. घरात फुलदाणीतल्या फुलावर हे सुरेख जमतं, मोकळ्या रानात क्वचित. वनस्पतीचे अवयव दाखवण्यासाठी ही पद्धत मोलाची आहे. पण प्रत्येक फुलाला ती लावायची गरज नाही. धूसर पार्श्वभूमी आणि अर्धवट विरलेली पाकळी यांनीही चित्राला खोली येते.

वारा आणि हात

मॅग्निफिकेशन फुलाला मोठं करतं, तसं त्याच्या हालचालीलाही करतं. एखादं फूल सेकंदाला १ सेंटीमीटर या वेगाने डुलतंय, म्हणजे डोळ्याला जवळजवळ स्थिरच. १:१ ला शटर १/१०० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात प्रतिमा सेन्सरवर ०.१ मिलिमीटर सरकते. मघाच्या ०.००६ मिलिमीटरच्या पिक्सेलच्या हिशेबाने हे सोळा पिक्सेल झाले. फोटो पुसला गेलाच! तोच १/१००० सेकंदाला काढला तर सरकणं दोन पिक्सेलच्या आत येतं. म्हणून हातात कॅमेरा असेल तेव्हा शटर वेगवान ठेवण्यासाठी आयएसओ, म्हणजे प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद, वाढवायला कचरू नका. थोडा दाणेदारपणा चालतो, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

मात्र फूल कॅमेऱ्याच्या दिशेने पुढेमागे डुलत असेल तर कितीही वेगवान शटर उपयोगाचं नाही. फूल काचेतून बाहेरच जातं. तिथे थांबणं हाच उपाय. डुलणारा देठ प्रत्येक झोक्याच्या दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो आणि मग उलट फिरतो, तो क्षण पकडायचा. वारा बहुधा एकसारखा वाहत नाही, दोन झुळुकांच्या मधे फट असते. सूर्योदयानंतरचा पहिला तास याचसाठी सोन्याचा. हवा बहुतेक शांत असते, प्रकाश तिरपा आणि मऊ असतो, आणि रात्रीच्या गारव्याने सुस्तावलेले कीटक फुलांवर निवांत बसलेले असतात. बागेतल्या झाडाला बारीक काठीचा आधार देऊन क्लिपने देठ धरून ठेवता येतो. काठी चौकटीबाहेर राहिली की झालं.

हाताच्या कंपाचा हिशेबही इथे बदलतो. लांबच्या फोटोत कॅमेरा किंचित कलंडणं घातक असतं, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन मुख्यतः तेच सावरतं. जवळच्या फोटोत कॅमेरा वरखाली, डावीउजवीकडे सरकणं जास्त नडतं, आणि ते सावरायची सोय सगळ्या लेन्समध्ये नसते. म्हणून कोपर जमिनीवर, गुडघ्यावर किंवा छातीशी टेकवा. फूल जमिनीलगत असेल तर पाय पूर्ण पसरणारा ट्रायपॉड किंवा धान्य भरलेली साधी कापडी पिशवी. मला पिशवी जास्त आवडते. कॅमेरा तिच्यात रुतून बसतो आणि फुलाच्या उंचीवर येतो. फुलाच्या उंचीवर येणं फार महत्त्वाचं. उभ्याने खाली पाहून काढलेल्या रानफुलाच्या मागे माती आणि पालापाचोळा येतो, त्याच्या पातळीवर उतरलं की मागे दूरचं हिरवं, निळं मैदान येतं.

प्रकाश

भर दुपारचं ऊन फुलांना वाईट दिसतं. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, त्यामुळे सावल्या धारदार पडतात आणि पांढरी पाकळी जळून जाते. ढगाळ हवेत सगळं आकाशच दिवा होतं. पण ढगांची वाट बघायची गरज नाही, कारण फूल लहान असण्याचा इथे मोठा फायदा आहे. दोन वीत रुंदीचं पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर फुलाच्या वर जवळ धरला, तर त्या फुलाच्या दृष्टीने तो निम्मं आकाश झाकतो. माणसाच्या फोटोला असा प्रकाश द्यायचा तर तंबूएवढं कापड लागेल. समोरच्या सावलीच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा धरला की काळोखी उजळते. या दोन वस्तूंनी होणारी सुधारणा बऱ्याचदा नव्या लेन्सने होणाऱ्या सुधारणेपेक्षा मोठी असते.

पाकळ्या आणि पानं पातळ असतात, म्हणून मागून येणारा प्रकाश त्यांना आतून उजळवतो. शिरांचं जाळं, खोडावरची लव, कळीवरचे काटेरी केस मागच्या प्रकाशातच उठून दिसतात. गुळगुळीत पानं मात्र आकाशाचं पांढरट प्रतिबिंब दाखवतात. तिथे लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर फिरवला की ती चकाकी जाते आणि पानाचा खरा हिरवा रंग वर येतो. तो प्रकाश बराच खातो, हे मात्र मोजून ठेवा.

फ्लॅश वापरला की मागे काळं मिट्ट का होतं, हे विचारणारे पुष्कळ असतात. फ्लॅश फुलापासून १० सेंटीमीटरवर आणि मागची पानं फ्लॅशपासून १ मीटरवर असतील, तर अंतर दहापट झालं. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून पानांवर शंभरावा भाग पोचतो. काळेपणा नको असेल तर शटर थोडं हळू ठेवून उजेड आत येऊ द्या, किंवा फुलाच्या मागे जवळच एखादं पान येईल अशी चौकट निवडा.

साधी पार्श्वभूमी आणि पसरलेला प्रकाश यांनी काय साधतं ते पाहायचं तर जर्मन कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांची छायाचित्रं जरूर शोधा. बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी त्यांनी स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यांनी कोंब, कळ्या, नेच्याची वेटोळी पानं वर्षानुवर्षं टिपली. ती पुस्तकरूपात आली १९२८ मध्ये आणि एका शिक्षकाचं वर्गातलं साहित्य जगभर पोचलं. रंग नाही, दृश्य नाही, फक्त आकार. तरी नजर हटत नाही.

लाल फूल सपाट का दिसतं

लाल जास्वंद किंवा पिवळं सूर्यफूल फोटोत रंगाच्या सपाट थरासारखं दिसतं, पाकळीवरच्या शिरा, वळ्या गायब. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगवेगळे नोंदवतो. लाल फुलात लाल भाग काठोकाठ भरून सांडतो, पण हिरवा-निळा रिकामेच असतात, त्यामुळे सरासरी पाहून कॅमेऱ्याला सगळं ठीक वाटतं. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, लावून पाहा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि शक्यतो रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये काढा. पांढऱ्या फुलाचं उलट. ते चौकटभर असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करू पाहतो, तिथे एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. काही निळी-जांभळी फुलं फोटोत गुलाबीकडे झुकतात. डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश ती भरपूर परावर्तित करतात आणि कॅमेऱ्याला तो आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. हा दोष तुमचा नाही, रंग नंतर हाताने सुधारावा लागतो.

मोबाइल आणि कमी सामान

मोबाइलचा सेन्सर लहान, म्हणून त्याची काच तेवढ्याच चौकटीसाठी बरीच जाड असते. सुरुवातीला ही सोयच आहे. अडचण वेगळी. मुख्य कॅमेरा साधारण एका वितीपेक्षा जवळ फोकस होत नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये जवळ गेलं की वाइड कॅमेरा आपोआप सुरू होतो. तो काही सेंटीमीटरवरून टिपतो, पण मोबाइलची सावलीच फुलावर पडते आणि मागचा सगळा पसारा चौकटीत येतो. थोडं मागे सरकून २ पट झूम लावून बघा, बहुतेक वेळा तो फोटो जास्त स्वच्छ येतो. बोटाने स्क्रीनवर फोकस पक्का करून ठेवायची सोय असतेच, ती वापरा.

कॅमेरा आहे पण मॅक्रो लेन्स नाही, तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यात भिंग नसतं, ती नुसती पोकळ नळी लेन्सला सेन्सरपासून दूर नेते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की मॅग्निफिकेशनमध्ये १:२ ची भर पडते. लांब लेन्ससाठी पुढे लावायचं क्लोज-अप भिंग बरं. १०० मिलिमीटरच्या लेन्सवर +४ नंबरचं भिंग लावून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर २५ सेंटीमीटरवर फोकस होतो आणि प्रमाण ०.४ मिळतं. एकेरी भिंगापेक्षा दोन काचा जोडून केलेलं घ्या, कडांना रंगीत किनार कमी येते.

रानफुलांजवळ जाताना

बागेतलं झाड आपण लावलेलं असतं. रानफुलाच्या भोवती काय काय उगवतंय ते आपल्याला ठाऊक नसतं. एका फुलासाठी आडवं झोपताना त्याच जातीची दहा रोपं अंगाखाली चिरडली जाऊ शकतात. आधी जमीन पाहा, मग गुडघा टेका. मधे येणारं गवत उपटू नका, हलकेच वाकवा आणि निघताना सोडून द्या, कारण तेच त्या रोपाला ऊन-वाऱ्यापासून आडोसा देत असतं. चांगल्या प्रकाशासाठी फूल खुडणं तर मला कधीच पटलं नाही. त्या फुलाचं बी होणार असतं. पिचकारीने पाणी मारून खोटं दवही नको. त्याने पराग धुतला जातो आणि थेंब कृत्रिम दिसतात ते वेगळंच.

फुलाचं नाव शोधायचं असेल तर एक सुंदर क्लोज-अप सहसा पुरत नाही. ओळखणाऱ्याला पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, देठावरची लव, फुलामागचा निदलपुंज आणि अख्ख्या रोपाची ठेवण बघायची असते. म्हणून मनासारखा फोटो मिळाल्यावर लगेच उठू नका. बाजूने एक, मागून एक, पानाचा एक, पूर्ण रोपाचा एक आणि आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी धरून एक, असे साधे फोटो घ्या. २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ही मालिका एकत्र टाकली तर जाणकार मंडळी ओळख पटवायला मदत करतात आणि ती नोंद संशोधकांनाही वापरता येते. धोक्यात असलेल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप झाकलं जातं. पण तोच फोटो तुम्ही इतरत्र टाकता तेव्हा फाइलमध्ये दडलेली जीपीएसची नोंद सोबत जाऊ शकते. दुर्मीळ ऑर्किड किंवा तसं काही सापडलं असेल, तर फोटो पाठवण्याआधी ती नोंद काढून टाका आणि वर्णनातही वाटेच्या खुणा लिहू नका. अशी रोपं खणून नेणारे लोक असतात, आणि त्यांना ठिकाण कळायला एक फोटो पुरतो.